डॉक्टरबायचे हात

आपल्याला भीती वाटते आहे, असं पेशंटच्या तोंडावर सांगणारी डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिली. बाकीचे डॉक्टर "काही काळजी करू नका" म्हणतात आणि आपण घरी जाऊन काळजी करतो. डॉक्टरबाय तपासून झालं की खुर्चीत बसत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "मला भीती वाटतेय हां. पण मी आहे." पहिलं वाक्य ऐकून बरेच लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जात. दुसरं ऐकायला जे थांबले, ते मग कुठे गेले नाहीत.

त्यांचा दवाखाना वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीच्या थोडा अलीकडे, एका इमारतीच्या तळमजल्यावर होता. त्या स्वतः पश्चिमेकडच्या वाडीतल्या, ख्रिस्ती घरातल्या. बायकांच्या डॉक्टर असून ऑपरेशन करत नसत. जरा अवघड वाटलं की चिठ्ठी लिहून मोठ्या हॉस्पिटलात पाठवत. त्यामुळे आमच्या सोसायटीत त्यांचं नाव पडलं होतं 'भित्री डॉक्टर'. वाड्यांमधून आणि चांदीपकडच्या गावांतून येणाऱ्या बायका त्यांना डॉक्टरबाय म्हणत. आम्ही आधी पहिलं नाव वापरत होतो, पुढे दुसरं वापरू लागलो. मधे काय घडलं तेच इथे सांगायचं आहे.

त्यांची एक सवय सगळ्यांना माहीत होती. पेशंटला हात लावण्याआधी त्या गरम पाण्याचा स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसत. तोपर्यंत गप्पा. घरी काय शिजलं, सासू कशी आहे, रिक्षावाल्यानं किती आपटलं. हात उबदार झाले की पेला बाजूला ठेवून उठत. "पोटाला गार हात लागला की बाई दचकते. मग आतल्यालाही वाटत असेल, हे काय आलं," असं त्यांचं म्हणणं. पाणी निवलं की बाहेर बसलेली एखादी गाववाली आपणहून दार ढकलून विचारी, "बाय, पानी थंड झालं. दुसरं आनू का?" डॉक्टरांना अशी हाक मारून आत घुसायची मुभा मी दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात पाहिली नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मी वालीवच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात होतो. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वसईत आपला म्हणावा असा माणूस नव्हता. पहिल्यांदा सुषमाला, माझ्या बायकोला, घेऊन दवाखान्यात गेलो तेव्हा कामाचं विचारल्यावर मी सरळ सांगितलं, "इन्स्पेक्टर आहे." बाकावरच्या दोन बायका सरकून बसल्या. डॉक्टरबाय म्हणाल्या, "पोलीस?" मी म्हणालो, "नाही. यंत्रातले शाफ्ट तपासतो, म्हणजे दांड्या, आणि त्या ज्यात बसतात ते बुश. मापात बसलं तर पास, नाहीतर रिजेक्ट." तेव्हापासून त्या मला 'इन्स्पेक्टर साहेब' म्हणत आणि बाकावरच्या बायका मला बघून उगीच पदर सावरत.

पहिल्या वेळचं मूल पोटात असताना, दुसऱ्या महिन्यातच गेलं. दुसऱ्या वेळीही तसंच. दोन्ही वेळा मी त्यांना कारण विचारलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "नाही माहीत." मला आकड्यांची सवय. मी म्हणालो, "अंदाजे तरी सांगा. किती टक्के काय असेल?" त्या म्हणाल्या, "पुष्कळदा बीजच मुळात नीट जुळलेलं नसतं, ते वाढूच शकत नाही. तुमचं तसंच झालं का, हे मी बघितलेलं नाही. न बघितलेल्याला टक्के लावू?" आम्ही कारखान्यात न मोजलेल्या मालावर सही करत नाही. त्यामुळे मला राग आला तरी बोलायला जागा नव्हती.

माझी आई तेव्हा आमच्याकडे आली होती. तिचं निदान तयार होतं. ती डॉक्टरबायना म्हणाली, "बाई, दोघांचं रक्त जुळत नाही."

डॉक्टरबाय पेला फिरवत म्हणाल्या, "आई, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा सासरच्यांशी रक्त जुळत होतं?"

"छे हो! परकीच की मी. पहिलं वर्ष सासूनं मिठाच्या बरणीला हात लावू दिला नाही."

"मग पुढे?"

"पुढे काय? बरणीच काय, अख्खा स्वयंपाक माझ्या गळ्यात घातला. अजून सुटले नाही."

"झालं तर. मूलही बापाकडून निम्मं परकंच येतं. घर त्याला ठेवून घेतं. कसं ठेवतं, ते मात्र तुमच्या सासूला विचारल्यासारखं आहे. पूर्ण कोणी सांगत नाही." आई परत येताना म्हणाली, बाई बरी आहे, पण औषध देत नाही.

तेच माझंही मत झालं होतं. तिसऱ्या वेळी दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आनंद करण्याऐवजी आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. सुषमा जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरू लागली. मी कोणाकडून तरी पत्ता मिळवला आणि तिला मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आमचे कागद पाहिले आणि भराभर सांगितलं. गर्भ अर्धा नवऱ्याचा असतो. बायकोच्या शरीरानं तो सहन करायला हवा, तसं होत नाहीये. "टॉलरन्स कमी आहे. बॉडी रिजेक्ट करतेय." उपाय असा, की माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून सुषमाला टोचायच्या, म्हणजे तिच्या शरीराला माझी ओळख होईल. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले.

परतीच्या टॅक्सीत सुषमा म्हणाली, "टॉलरन्स म्हणजे काय?" मी माझ्या धंद्यातलं सांगितलं. माप जरा इकडे तिकडे झालेलं किती चालवून घ्यायचं, ते टॉलरन्स. ते जितकं कमी, तितकं काम अचूक. थोडा जरी फरक आढळला तरी आपण तो नग लाल रंग लावून डब्यात टाकतो. मला वाटलं, मी तिला समजावतो आहे. तिनं टॅक्सीची काच खाली केली. मग म्हणाली, "म्हणजे मी फार अचूक आहे. आणि आधीच्या दोघांनाही मी लाल डब्यात टाकलं."

मी म्हणालो, तसं नाही गं. पण शब्द तेच होते. टॉलरन्स आणि रिजेक्ट, दोन्ही मी रोज घरी बोलत होतो.

त्यानंतर ती पोटावर हात ठेवेना. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माझा हात नको. माझ्यापासूनच तर जपायचंय त्याला." जेवण टाळायला लागली. अंगात बळ आलं की ते बळ त्याच्यावरच उलटेल, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. आतापर्यंत मला मूल जाईल याची भीती होती. आता बायकोबद्दलही वाटू लागली. मी तिला उचलून न्यावं तसं डॉक्टरबायकडे नेलं, खरं तर सुईबद्दल त्यांचा होकार घ्यायला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातात पेला होताच. म्हणाल्या, "ही सुई देतात. घेऊन काहींची मुलं राहतात. न घेताही काहींची राहतात. सुईमुळे राहिली, असं मला अजून कोणी दाखवलेलं नाही. नाही म्हणायला मी कोण? पण मला विचाराल तर मी माझ्या सुनेला देणार नाही."

मी म्हणालो, "मग उपाय काय?"

सुषमानं मला मधेच तोडलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "उपायाचं राहू द्या. मला एवढंच सांगा, मीच मारते का?"

डॉक्टरबायनी पेला खाली ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर पसरले. इतके दिवस ते हात आम्ही पेल्याभोवतीच बघितले होते. सांधे सुजलेले होते आणि बोटं एका बाजूला कललेली. करंगळी तर सरळ होतच नव्हती.

"हे माझं शरीर," त्या म्हणाल्या. "यात जे राखणदार आहेत ना, रोगाशी लढणारे, त्यांना माझीच बोटं परकी वाटतात. पंचविशीच्या आत सुरू झालं. ऑपरेशन करायला शिकून आले आणि सुरी धरता येईना. लोक भित्री म्हणतात, म्हणू देत. भितेही मी. पण सुषमा, माझा मुलगा पोटात होता ना, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ही सूज उतरायला लागली. बोटं सरळ. आईच्या वाडीत बसून मी मोगऱ्याचे गजरे ओवायचे. सुईत दोरा माझा मी घालायचे. आई म्हणायची, पोरीला कोणाची दृष्ट होती ती उतरली. मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत बोटं परत वाकडी. सगळ्याच बायकांना असं बरं वाटतं असं नाही, पण पुष्कळींना वाटतं."

सुषमा त्या बोटांकडे बघत होती.

"ज्या शरीरानं मला सोडलं नाही, त्यानं माझ्या मुलाला हात लावला नाही. उलट तो होता तोवर मलाही सोडलं. आणि तू म्हणतेस, तुझं चांगलं धडधाकट शरीर मारेकरी?"

मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "इन्स्पेक्टर साहेब, तुमच्याकडे ती दांडी दुसऱ्या भागात बसते, ती दोन्ही अगदी एका मापाची असतात म्हणून?"

"नाही," मी म्हणालो. "एका मापाची असली तर जाणारच नाही. तेल जाईल एवढी फट ठेवावी लागते."

"मग ते टॉलरन्स का?"

"त्याला क्लिअरन्स म्हणतात," मी म्हणालो. मला चुकीचा शब्द चालत नाही.

डॉक्टरबाय एवढ्या हसल्या की बाहेरच्या बायका डोकावल्या. "बरं बाबा, क्लिअरन्स. ऐक गं, सुषमा. दिवस गेले म्हणून बाईचं शरीर काही झोपलेलं नसतं. राखणदार तिथे असतातच, आणि गर्भ जिथे रुजतो तिथे तर गर्दी करून असतात. त्यांच्या इंग्रजी नावातसुद्धा 'किलर', मारेकरी, हा शब्द आहे. पण तिथे ते मारत नाहीत. अलीकडे काहीजण म्हणतात, तेच आईच्या रक्ताचे पाट रुंद करतात, केळीला पाणी सोडताना आमच्या वाडीत करतात तसे. गर्भही हुशार. आपली परकी खूण बाहेरच्या अंगाला फारशी दाखवत नाही. आणि शरीरातला एक रस सगळ्यांना शांत ठेवतो. हे एवढं मला माहीत आहे. पुढचं कोणालाच नीट माहीत नाही. पण हे तपासून लाल रंग लावणं नव्हे. हे दोघांनी मिळून जागा करणं आहे. नेहमी जमतं असं नाही. नाही जमलं तर तो कोणाचा गुन्हा नसतो."

एवढं बोलून त्यांनी सवयीप्रमाणे शेवट केला. "मला भीती वाटतेय हां. पण मी आहे."

बाहेर आल्यावर सुषमा म्हणाली, "सुई नको." मी वाद घातला नाही, पण मनातून हादरलो होतो. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेला उपाय सोडायचा आणि 'माहीत नाही' म्हणणाऱ्या बाईच्या भरवशावर बसायचं, हा हिशेब मला कुठूनही बसत नव्हता. फक्त एक गोष्ट बघितली. रिक्षात बसल्यावर खड्डा आला, तेव्हा तिनं पोटावर हात धरला.

नंतरच्याच आठवड्यात, मुंबईची तारीख उलटून गेल्यावर, दुपारी कारखान्यात शेजारणीचा फोन आला. सुषमाला रक्त जातंय, तिला डॉक्टरबायकडे नेलंय. वालीवहून दवाखाना लांब नाही. पण त्या दिवशीचा रस्ता मला आजही आठवतो तो एकाच वाक्यासकट. सुई घेतली असती तर. सुई घेतली असती तर.

दवाखान्यात लाईट गेली होती. सोनोग्राफीचं यंत्र बंद. सुषमा टेबलावर आडवी, तोंड भिंतीकडे. रक्त फार नव्हतं असं डॉक्टरबाय म्हणाल्या, पण थोडं म्हणजे काय, ते त्याही सांगू शकत नव्हत्या. तपासलं तेवढ्यावरून पक्कं काही म्हणता येत नव्हतं. लाईट येईपर्यंत थांबायचं. त्या तिच्या उशाशी स्टूल घेऊन बसल्या. एका हातात पेला, दुसरा हात सुषमाच्या कपाळावर. थोड्या वेळानं हात बदलत.

"भीती वाटतेय?" सुषमानं भिंतीकडे बघूनच विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप. पण मी आहे ना."

मी दाराशी उभा होतो. बाहेरच्या बाकावर गावाकडच्या बायका होत्या, त्यांनी आपले नंबर सोडून दिले होते.  त्यातली एक मला म्हणाली, "बसा, इन्स्पेक्टर. उभं ऱ्हाऊन लाईट येत नाय." मी बसलो. पुन्हा उठलो. पेल्यातलं पाणी निवलं आणि तिनंच आत जाऊन बदललं. मला त्या वेळी खरोखर वाटलं, की डॉक्टरबायनी खोटं बोलावं. एकदा तरी म्हणावं, काही होणार नाही. त्या म्हणाल्या नाहीत.

पंखा फिरला. यंत्र सुरू व्हायला वेळ लागला. डॉक्टरबायच्या हातात यंत्राची पोटावर फिरवायची दांडी नीट बसत नव्हती, त्यांनी ती मुठीत धरली आणि दुसऱ्या हातानं मनगट सावरलं. पडद्यावर करडं काहीतरी हलत होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त त्यांचा चेहरा बघत होतो, आणि तो चेहरा काही सांगत नव्हता. त्या शोधत राहिल्या. थांबल्या. दांडी जराशी कलती केली.

"इन्स्पेक्टर साहेब, इकडे या."

मी गेलो. काळ्या ठिपक्याच्या कडेला तांदळाएवढं काहीतरी होतं आणि त्यात एक बारीक उजेड लुकलुकत होता. भराभर, न चुकता.

"ठोका आहे," त्या म्हणाल्या. "चांगला आहे."

सुषमानं मान वळवली. माझ्या तोंडून नेहमीचंच निघालं. "आता किती टक्के?"

डॉक्टरबायनी चष्मा कपाळावर चढवला. "आत्ता, या घटकेला? शंभर. उद्याचं उद्या विचारा."

मी रोज विचारलं. रोज म्हणजे अक्षरशः नाही, पण भेट झाली की विचारायचोच, आणि त्या 'आत्ता शंभर' म्हणायच्या. भीती शेवटपर्यंत गेली नाही. ती फक्त घरातली झाली, एखाद्या भांडखोर नातेवाइकासारखी. पोर हललं तरी भीती आणि नाही हललं तरी भीती. सुषमा मात्र दोन वेळा पोटभर जेवू लागली. शेवटी डॉक्टरबायनी नेहमीप्रमाणे चिठ्ठी लिहून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, आणि स्वतः मागोमाग आल्या. मुलीला हातात घेण्याआधी त्यांनी नर्सकडे गरम पाणी मागितलं. नर्सला वाटलं, प्यायला.

आईनं नातीचं तोंड बघून जाहीर केलं, की नाक डिट्टो बापाचं. डॉक्टरबाय म्हणाल्या, "बघितलंत? अख्खं नाक परकं, तरी ठेवून घेतलं."

मुलीचं नाव मुग्धा. सुईमुळे ती झाली नाही, हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण सुई घेतली नव्हती. डॉक्टरबायमुळे झाली, असंही मला म्हणता येत नाही. त्यांनाच ते आवडलं नसतं. पुढे काही वर्षांनी माझ्या ऐकण्यात आलं, की ती सुई नीट पारखून पाहिल्यावर तिचा फायदा दिसला नाही. मी हे त्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. त्या म्हणाल्या, "तेव्हा मला कुठे माहीत होतं? भ्यायले होते मी. माझं चुकलं असतं तर?" इतकी वर्षं त्यांनी ती भीती एकटीनं बाळगली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मुग्धा शाळेत जाऊ लागली तोपर्यंत त्यांचे हात फारच बिघडले. पेला दोन्ही हातांनी धरूनही निसटायचा. चिठ्ठ्या त्या सांगत आणि दुसरी कोणी लिही. मग दवाखाना बंद केला. आम्ही वाडीत भेटायला जायचो. मुलगा परदेशात होता, फोनवर आईला औषधं नीट घे म्हणून ओरडायचा. त्या म्हणायच्या, "औषध म्हणजे काय, राखणदारांना गुंगी. बोटं वाचतात, पण मग चोर आला तरी ते उठत नाहीत." हसून सांगायच्या. मला त्यातला अर्थ कळायचा. शेवटी तसंच झालं. साधा खोकला छातीत उतरला आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

अंत्यविधीला गावातलं चर्च भरलं होतं. बाकावर बसायच्या त्या बायका मला दिसल्या. एकीनं 'इन्स्पेक्टर' म्हणून मान हलवली. शवपेटी उघडी होती. हात छातीवर ठेवले होते आणि त्यांत जपमाळ गुंडाळली होती. बोटं जुळत नव्हती, तशीच कललेली. रांगेत माझ्या आणि मुग्धाच्या पुढे सुषमा होती. ती पेटीजवळ पोचली आणि थांबली. मला वाटलं, हिला रडू आवरत नाही.

ती आपले दोन्ही तळवे एकमेकांवर घासत होती. जोरजोरात, बराच वेळ. मागची माणसं खोळंबली. मग तिनं त्या वाकड्या बोटांवर हात ठेवला.

"आई, असं काय करतेस?" मुग्धानं हळूच विचारलं.

"त्यांना गार लागेल ना," सुषमा म्हणाली.